रंगूनच्या फाटकावरची भाकरी

हे मी आजवर कोणालाही सांगितलेले नाही — आईलाही नाही. आज तुम्हाला का सांगते आहे? नीट ठाऊक नाही.

काल ब्राह्मणपुरीच्या आमच्या मळ्यात वांगी भाजली. कापसाच्या काड्यांचा जाळ, मिरच्यांचा ठसका — आणि मी, रसायनशास्त्राची पदवीधर, डोळ्यांत धूर गेल्याचा बहाणा करून बांधावर जाऊन बसले. वारा उलट्या दिशेचा होता.

दुसऱ्या महायुद्धाआधी दोन वर्षे मी रंगूनला होते. पाण्याचे नमुने तपासणाऱ्या प्रयोगशाळेत साहाय्यक. अर्जावर मी पुण्याची म्हणून लिहिले होते. शिक्षण तिथलेच, म्हणजे ते अगदी खोटे नव्हते — पण खरे तरी होते का? घरी आम्ही अहिराणी बोलतो. पुण्याच्या वसतिगृहातल्या मुली तिला हसल्या, त्या दिवसापासून ती मी माझ्या बोलण्यातून गाळून टाकली. एक कणही मागे उरू दिला नाही.

प्रयोगशाळेच्या फाटकाबाहेर दुपारी खाद्यपदार्थ विकणाऱ्यांची रांग बसे. बर्मी बायकांचे माशांच्या रश्श्याचे हंडे, एका तमिळ गृहस्थाच्या इडल्या, आणि अगदी टोकाला सखूबाई. ती तापीकाठची, नवरा गोदीत कामाला आला आणि तिथेच वारला. ज्वारी मिळेना म्हणून ती तांदळाच्या पिठाची भाकरी थापी. भरीत मात्र थेट आमच्याकडचे — तेच शेंगदाणे, तोच हिरवा तिखटपणा. उघड्यावरचे खाणार नाही, असे आम्ही सर्वांनी नोकरीला लागताना लिहून दिले होते. म्हणून मी आधी तिच्या माठातले पाणी गुपचूप तपासले. तीनदा. तिन्ही वेळा निर्दोष. मग रोज तिथेच जेवू लागले — झाडाच्या आडोशाला, फाटकाकडे पाठ करून.

"खाय माय, लाजू नको," ती म्हणे. "मिरची लागनी का? पुन्यानी जीभ शे तुन्ही!"

मी शुद्ध मराठीत उत्तर देई आणि ती गालातल्या गालात हसे. तिला कळले होते का? मला वाटते, पहिल्याच दिवशी — ज्या सवयीने मी भाकरी मोडली, त्यावरून.

त्या वर्षी शहरात पटकीची साथ आली. पाणी उकळून न वापरणाऱ्यांना उठवायचे, असा हुकूम घेऊन आमचे साहेब स्वतः शिपायांसह फाटकावर आले. सखूबाई काय सांगते ते कोणालाच उमगेना. साहेबांनी मला बोलावले — तुमच्याच मुलखातली दिसते, काय म्हणते सांगा.

ती म्हणत होती, "साहेब, मी पानी उकळीसन थंड करस. ह्या बाईले इचारा ना! ती रोज मन्हाकडे खास."

पाणी उकळते, हिला विचारा, ही रोज माझ्याकडे खाते — तीन वाक्ये. भाषांतराला किती वेळ लागला असता? पण पुढच्याच महिन्यात माझी नोकरी कायम व्हायची होती — आणि ते लिहून दिलेले — आणि ती बोली —

"ही मराठी नाही," मी म्हणाले. "मला समजत नाही."

तिने माझ्याकडे पाहिले. रागाने नाही. रागाने पाहिले असते, तर मी ते कधीच विसरून गेले असते. मग ती शिपायाकडे वळली.

"जाऊ द्या. पोरले नका इचारू. तिले समजत नही."

"आता काय म्हणाली?" साहेबांनी विचारले.

"समजत नाही," मी पुन्हा म्हणाले.

शिपायांनी माठ फोडला आणि टोपली गटारात पालथी केली. सखूबाईने तापलेला तवा पदराने धरून उचलला आणि ती रस्ता ओलांडून गेली.

ती आता कुठे बसते, हे इडलीवाल्याला ठाऊक होते. मी रोज त्याच्यासमोरून जात असे. मी त्याला विचारले नाही. पुढच्या महिन्यात माझी नोकरी कायम झाली.