उभे लिहिलेले घोडे

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, सख्ख्या भावाला नाही. बायको तर जाताना म्हणाली होती, तुमच्या पोटात काहीतरी आहे, कधीतरी ओकून टाका. मी हसण्यावारी नेलं. आज तुम्ही बसलाच आहात, आणि मलाही आता फार दिवस धीर धरवेल असं वाटत नाही, तर सांगतो. मध्येच अडखळलो तर ओढू नका मला. आपोआप पुढे जाईन — बहुतेक.

मी फरशीवाला मिस्तरी. बाप तळोद्यात गवंडी होता, चुन्याची घाणी आणि विटा, एवढंच त्याचं जग. मी सुरतेला पळून जाऊन सिमेंटच्या नक्षीदार लाद्या करायला शिकलो आणि परत आलो तो डोक्यावर टोपी, अंगात कोट आणि बोलण्यात गुजराती शब्द घालून. दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या आधीची गोष्ट. तेव्हा आमच्या भागात सिमेंट म्हणजे अपूर्वाई. नंदुरबार स्टेशनात गोणी उतरली की लोक बोटाने चाचपून बघत. आणि त्या राखेसारख्या भुकटीतून मी वेली काढत होतो, कमळं काढत होतो! नुसती रंगीत नव्हे — उठावाची. अनवाणी चाललं की तळपायाला पाकळी लागावी अशी. गर्व होता मला. का नसावा? पण गर्वाबरोबर आणखी काय काय पोसलं जात होतं, ते कळायला वेळ लागला.

एक गोष्ट सांगतो, कामाची आहे म्हणून. सिमेंटमध्ये झाडापानाचा रंग टिकत नाही. हळद घाला, पळस घाला, चार दिवसांत मेलेला दिसतो. टिकतो तो मातीचाच रंग. म्हणून मी गेरू आणायला डोंगरात जायचो, धडगावच्या बाजूला. तिथल्या एका पाड्यावर — नाव घेत नाही, त्या लोकांची शोभा माझ्यामुळे एकदा झाली तेवढी पुरे — दित्या नावाचा भिल्ल राहायचा. गेरू कुठल्या नाल्यात चांगला निघतो ते तोच दाखवायचा. माझ्याहून वयाने मोठा. तरी मी त्याला अरेतुरे करायचो. सगळेच करायचे.

दित्याच्या घरात आतली भिंत होती. तिच्यावर घोडे होते. लाल, पांढरे, काळे. एकामागे एक निघालेले, वर सूर्य, चंद्र. पाहिले आणि मी गेरू विसरलो. मला सांगण्यात आलं की हे हौसेने काढायचं चित्र नाही. घरावर संकट आलं की नवस बोलायचा, तो फळला की घोडे लिहायचे. ते घोडे म्हणजे त्यांचे देवच. ते ‘काढणं’ म्हणत नाहीत, ‘लिहिणं’ म्हणतात. आणि लिहायचा मान दित्याचा. आजूबाजूच्या पाड्यांवरूनही त्यालाच बोलावणं यायचं. तो गेला की बायका अंगण सारवायच्या, म्हातारे उठून उभे राहायचे. शेतात तो इतरांसारखाच राबणारा माणूस होता, पण भिंतीपुढे उभा राहिला की गाव त्याच्यापुढे गप्प असायचं. दुसरं काय होतं त्याच्याकडे? हेच होतं.

त्याच सुमारास आमच्या नथूशेठने नवा बंगला बांधायला काढला होता. कापसाचा जिन, म्हणजे सरकी काढायचा कारखाना होता त्याचा. त्याने मला बोलावून सांगितलं, “मिस्तरी, फुलं नि वेली समदासना घरमा शेतस. माले कोनाकडेच नही असं पाहिजे.” मला लगेच दित्याची भिंत आठवली. बैठकीच्या फरशीत मधोमध घोड्यांचा मोठा चौक, गेरूच्या जमिनीवर उठावाचे पांढरे घोडे. सुरतेलाही असं कुणी केलं नसेल, हा विचार आधी आला. बाकीचे विचार यायला हवे होते. आले नाहीत, की मी येऊ दिले नाहीत? येऊ दिले नाहीत. इथे तरी खरं बोलतो.

दित्याला विचारलं. तो म्हणाला, नवस नाही तर घोडे नाहीत. सरळ बोलणं. आणि मी, उचलली जीभ लावली टाळ्याला, म्हणालो, नवस आहे ना. शेठचा एकुलता मुलगा तापाने अंथरुणाला खिळला होता, शेठ नवस बोललाय, मुलगा उठू लागलाय. मुलगा! तो तेव्हा तळोद्याच्या गल्लीत गोट्या खेळत असेल, घोड्यासारखा धडधाकट. दित्याने पुढे विचारलं, कुठे लावणार? मी म्हणालो, देवघराच्या भिंतीत. डोळा लवला नाही की आवाज कापला नाही. दित्या खूश झाला. देव खाली उतरून शेठच्या घरी राहणार, एका पोराचा जीव वाचलेला. त्याला यात नाही म्हणण्यासारखं काय होतं?

काम त्याच्याच अंगणात, एकेक तुकडा करत केलं. लाकडी चौकटीत ओली माती दाबून भरायची, तिच्यात बोटाने आणि बांबूच्या काडीने खोलगट रेघा ओढायच्या, मग तिच्यावर रंगीत सिमेंट ओतायचं. सुकल्यावर माती सुटते आणि त्या रेघा वर उठून येतात. मी चौकट जमिनीवर आडवी ठेवली. दित्या हात बांधून उभा राहिला. लिहीना. मला वाटलं आता काय झालं? तर म्हणाला, आडव्यावर लिहायचं नसतं. देव झोपवत नाहीत. चौकट उभी कर.

आणि मी चौकट उभी केली. भिंतीला टेकवून, खाली दगड लावून. ऐकलंत ना? माझ्या हातांनी केली. म्हणजे मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोयच राहिली नाही. मला तेव्हाच पुरतं कळलं होतं की मी काय करतोय.

दित्या उपाशी राहून लिहायचा. मातीत मिसळायच्या पाण्यात त्याने थोडं दूध टाकलं, थोडी मोहाची दारू टाकली. गावचा पुजारा येऊन एकेक घोडा तपासून गेला. मग चौकट उभीच ठेवून, समोर फळी लावून मी ओतकाम केलं, पाणी पाजलं, तुकडे चाऱ्यात गुंडाळले. खाली गाडीरस्त्यापर्यंत ते पाड्यातल्या माणसांनी खांद्यावर वाहून नेले. पुढे ढोल वाजत होता. देव उतरतोय म्हणून बायका वाटेवर पाणी शिंपडत होत्या आणि त्यांच्या मागून मी चाललो होतो, तुकड्यांचे कोपरे फुटू नयेत याची काळजी करत.

तुम्ही म्हणाल, एवढंच ना? खोटं बोललास, फरशी बसवलीस. अहो, एवढंच असतं तर मी एव्हाना कुणालातरी सांगून मोकळा झालो असतो. असल्या लबाड्या लोक पानसुपारी खाताना सांगतात. पुढचं ऐका.

चौक बसला. नंदुरबारहून, शहाद्याहून लोक बघायला आले. मामलेदारांनी बुटाच्या टोकाने घोड्याची मान चाचपून ‘वाहवा’ म्हटलं. मला पुढची कामं तिथेच मिळाली. आणि एका बाजाराच्या दिवशी दित्या आला. सोबत त्याची बायको, पुजारा, पाड्यातले दोघंतिघं म्हातारे. देवाला भेटायला आले होते. नारळ होता, कोंबडा होता, पानाच्या द्रोणात मोहाची दारू होती. मी बैठकीतच होतो, शेठशेजारी.

ते दारातच थांबले. आतून शेठचा मुलगा पळत आला, पायात बूट, आणि चौकावरून धावत बाहेर गेला. दित्याने त्याला पाहिलं. त्याचा चेहरा — काय सांगू — असा उजळला! बायकोकडे वळून म्हणाला, पोऱ्या बरा झाया. ती हसली. आणि मग त्या मुलाचे पाय कुठून गेले, हे दित्याला दिसलं.

तो आत आला, गुडघ्यावर बसला, डोक्याचं फडकं काढलं आणि बुटांची माती पुसू लागला. पुसता पुसता माझ्याकडे बघितलं. म्हणाला, मिस्तरीने देवघराची भिंत सांगितली होती.

आता नीट ऐका. पुजारा माझ्यापुढे येऊन उभा राहिला. त्याने भांडण काढलं नाही. फक्त विचारलं, मिस्तरी, तू याला भिंत सांगितली होती का फरशी? कारण त्यांच्यात असं आहे, घोडे कुठे उभे राहणार ते लिहिणाऱ्याने जाणून घ्यायचं. फसवला गेला असेल तर दोष फसवणाऱ्याचा. थोडी पूजा करून तो सुटतो. पण जाणूनबुजून पायाखाली लिहिले असतील तर त्याचा हात बाटला. सगळं माझ्या एका शब्दावर आलं होतं, आणि ते मला ठाऊक होतं. तिथे असलेल्या प्रत्येकाला ठाऊक होतं.

शेठ माझ्याकडे बघत होता. खरं सांगितलं तर नवसाचं खोटं बाहेर येणार, मुलाच्या नावाने ताप सांगितला हे निघणार, कदाचित चौक उखडावा लागणार. माझा चौक! मी म्हणालो, “फरशीच सांगेल व्हती. यानी मान हालाडी व्हती.” वर हसलोही थोडा. या लोकांना काय कळतं, असं हसतात ना, तसं. शेठही हसला. कोटवाल्याचा शब्द पडला, तिथे लंगोटीवाल्याचा कुठे टिकणार? कुणी दुसऱ्यांदा विचारलंच नाही.

दित्या उठला. त्याने फडकं झटकलं, पण परत डोक्याला बांधलं नाही. सगळे निघून गेले. द्रोण दारातच राहिला होता, तो गड्याने नंतर उचलून टाकला.

मग त्याला बोलावणं येईनासं झालं. मला गेरू आणणारे दुसरे लोक सांगायचे. मी विचारायचो नाही, ते आपणहून सांगायचे. या पाड्यावर नवस फिटला, दुसऱ्या कुणाला बोलावलं. त्या पाड्यावर फिटला, तिथेही दुसरा. चांगली दोन वर्षं मी त्या वाटेला गेलो नाही. गेलो असतो तर निस्तरलं असतं का? असतं. पुजारा जिवंत होता. एक वाक्य बोलायचं होतं. चौक कुणी उखडला नसता तेव्हा, शेठलाही त्याचा कंटाळा आला होता. तरी गेलो नाही.

शेवटी गेलो ते गेरूसाठीच. पाड्यात शिरलो तर दित्याच्याच घरी गर्दी. त्याची सून बाळंतपणात मरता मरता वाचली होती, तिचा नवस फिटत होता. आत त्याच्या भिंतीवर — त्याच्या स्वतःच्या — कुणी परगावचा माणूस घोडे लिहीत होता. आणि दित्या अंगणाच्या कडेला, शेळ्या बांधतात तिथे बसला होता. घरात जायची त्याला मुभा नव्हती, लिहिणं पुरं होईपर्यंत.

त्याने मला पाहिलं आणि उठून आला. मला बाजूला, सागाखाली घेऊन गेला. आसपास कुणीच नव्हतं. शेठ नव्हता, मामलेदार नव्हते. माझं जाणार तर काहीच नव्हतं. हे मी पुन्हा सांगतो, कारण इतकी वर्षं मी स्वतःला हेच सांगत आलोय — काहीच जाणार नव्हतं.

मोडक्या अहिराणीत, हळू आवाजात त्याने विचारलं, “मिस्तरी, तू भीतले लावसू असं सांगेल व्हतं ना? का मन्हाच डोकामा भलतं बसनं? माले आते काही समजत नही.”

रागाने विचारलं नाही हो. खरंच विचारलं. त्याला स्वतःचाच भरवसा राहिला नव्हता. सगळा गाव एक म्हणतोय, कोटवाला मिस्तरी एक म्हणतोय, मग आपल्यालाच आठवतंय ते खरं कशावरून?

मी म्हणालो, “नही, दित्या. फरशीच सांगेल व्हती.”

त्याने मग मान हलवली. म्हणाला, मंग मन्हंच चुकनं. आणि मग त्या माणसाने माझ्यापुढे हात जोडले. चार लोकांत मी तुझ्यावर आळ घेतला, तुला खोटं पाडलं, मनात ठेवू नकोस, म्हणाला.

मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, आणि त्याला माफ केलं.