पोट दिसायच्या आधीची गोळी

समजा, तुमच्या हातात फॉलिक ॲसिडच्या बारीक पिवळ्या गोळ्यांची पुडी आहे आणि ती गरोदर बाईला, तीही अगदी पहिल्या दिवसांत, द्यायची आहे. जा गावात. कोणाला द्याल? अमरावतीजवळच्या वलगावात तिसरा महिना सरेपर्यंत कोणी बाई गरोदर नसतेच. नवऱ्याला माहीत असते, सासूला माहीत असते. पण दृष्ट लागेल म्हणून शब्द बाहेर पडत नाही. पोट दिसू लागले की मग नर्सला निरोप येतो.

१९६६ साली ललिता वानखडे नर्स म्हणून वलगावात आल्या, तेव्हा त्यांनीही पोट दिसायची वाट पाहिली. मैनाबाईंची सून गंगू त्यांच्याकडे आली ती सातव्या महिन्यात, पांढरीफटक. गोळ्यांनी रक्त सुधारले, पण बाळ जन्मले ते पाठीचा कणा उघडा घेऊन. दुसऱ्याच दिवशी गेले. अमरावतीच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "सुरुवातीला फॉलिक ॲसिड कमी पडले तर असे होत असावे, अशी काही डॉक्टरांना शंका आहे. सिद्ध झालेले नाही. पण पुढच्या वेळी गोळी लवकर सुरू करा."

लवकर म्हणजे कधी? ललिताबाईंनी वाट काढली ती गावच्याच रीतीतून. पाळी आली की सुना बाहेर बसत. चुलीला, पाण्याला हात लावत नसत. ललिताबाई अकोल्याकडच्या बौद्ध कुटुंबातल्या. त्यांच्या घरातून हा विटाळ केव्हाच गेला होता, आणि गावातूनही जावा, असे त्या उघड म्हणत. पण तो आहे तोवर त्याच्याकडून काम करून घ्यायला त्यांची हरकत नव्हती. घरोघरी सासवांना त्या एवढेच विचारू लागल्या: सून या महिन्यात बाहेर बसली का?

पुढच्या उन्हाळ्यात त्या मैनाबाईंच्या ओसरीवर येऊन बसल्या.

"बसली होती न, मांगच्याच हप्त्यात," मैनाबाई म्हणाल्या.

"मांगच्या हप्त्यात? मी आली तवा त गंगू आंगनात कुरड्या घालून राहिली होती."

"असंन."

"माय, विटाळाची सावली पडली त कुरडी लाल होते म्हनता तुमी. अन् बाहेर बसलेल्या सुनेले चिकात हात घालू देल्ला?"

दारामागे गंगू फिसकन हसली. मैनाबाईंनी कपाळावर हात मारला.

"लय बेरकी बाई तुमी! हळू बोला. शेजारच्या गोदाबाईचे कान भिंतीलेच लागून असते."

"मी कोनाले नाही सांगत. पन गोळी आजपासून."

"गोळी पाहून लोकं ओयखतीन न!"

"तुमी सोताच्या हातानं द्या, चायसंगं. कोन पायते?"

मैनाबाईंचा आवाज उतरला. "अन् मांगच्यावानी झालं त?"

"होनार नाही असं मी म्हनत नाही," ललिताबाई म्हणाल्या. "पन यावेळी उशीर झाला असं मले म्हनायचं नाही."

मैनाबाईंनी हात पुढे केला.

कापूस वेचणीच्या दिवसांत गंगूला मुलगी झाली. बाळाने टाहो फोडला, तरी ललिताबाईंचा तळहात त्याच्या पाठीवरूनच फिरत होता. पाठ सरळ, बंद, गुळगुळीत.

"पाठच पायता, का पोट्टं हाय का पोट्टी तेही सांगता?" मैनाबाई ओरडल्या.

त्यानंतर सासवा आपणहून दवाखान्याच्या दाराशी येऊ लागल्या आणि हळूच सांगू लागल्या, "आमची नाही बसली वं बाई." ललिताबाईंकडे पुडी तयार असे.

डॉक्टरीणबाईंनी मात्र बजावले, की एका बाळावरून काही ठरवता येत नाही. ते ललिताबाईंना पटते. गोळीमुळेच बाळ धड जन्मले, असे त्या कोणाला सांगतही नाहीत. पण अमरावतीला गेल्या की त्या डॉक्टरीणबाईंना दर वेळी हेच विचारतात: सून बाहेर बसली नाही हे सासूला कळेपर्यंत बाळ तर वाढू लागलेले असते, पाठ त्याच दिवसांत बनत असेल, तर गोळी त्याच्याही आधी, लग्न होऊन आलेल्या प्रत्येक सुनेला द्यायला हवी का?