कोपऱ्यावरचा दिवा

विंडसरच्या सीमाताईंची नवऱ्याबद्दल एकच तक्रार होती: हा माणूस जन्मात कधी बरोबरीनं चालला नाही. ग्रोसरीला निघालेले असोत की परदेशात, उल्हास तरातरा पुढे जायचे आणि कोपऱ्यावर हात पाठीमागे बांधून, ‘आलीस एकदाची?’ अशा चेहऱ्यानं उभे राहायचे.

चीनमधल्या लिजियांगचं वेडही त्यांचंच. डोंगरातलं जुनं गाव, गल्लीगल्लीतून वाहणारे पाण्याचे पाट. ते वारले, आणि वर्षभरानं सीमाताई हट्टानं एकट्याच टूरबरोबर तिथे गेल्या. संध्याकाळी लोक कागदी कमळांत दिवे ठेवून पाटात सोडत होते. सीमाताईंनीही एक घेतला, पर्समधल्या कुंकवाचं बोट पाकळीला लावलं आणि पाण्यात सोडला. “जा आता,” त्या पुटपुटल्या.

परतताना त्या रस्ता चुकल्या. सगळ्या गल्ल्या सारख्याच, जिकडेतिकडे पाण्याचा आवाज. त्या रडकुंडीला आल्या. तेवढ्यात एका वळणावर दिवा दिसला. पाकळीवर कुंकू होतं. बाकीचे दिवे वाहून चालले होते, हा भर प्रवाहात एका जागी थांबला होता. त्या जवळ आल्या तसा तो पुढे निघाला, आणि पुढच्या वळणावर पुन्हा थांबला. थेट हॉटेलच्या दारापर्यंत.

आता विंडसरमध्ये नदीवरून फिरून येताना घराजवळचा कोपरा आला, की त्या लांबचा वळसा घेतात.

“आई, व्हॉट आर यू स्केअर्ड ऑफ?” लेक जाई विचारते.

सीमाताई वळशाच्या रस्त्याला लागतात. त्या कोपऱ्यावर कुणीच उभं नसलं तर?