पाहुणीसाठी उपसलेली विहीर

आमच्या खालच्या आळीच्या विहिरीला पावसाळा सरला की वास यायचा. त्याचं कारण शोधायला शास्त्रज्ञाची गरज नव्हती. वरच्या उतारावर, पवना धरणाकडे तोंड करून पर्यटकांचे तंबू लागले होते आणि तंबूंच्या मागे संडासाचे खड्डे होते. खड्डे वर, विहीर खाली. पाणी कुठून कुठे वाहतं हे मी सातवीच्या पोरांना अठ्ठावीस वर्षं शिकवलं आहे.

त्या पोरांतलेच एक आमचे सरपंच. निम्मे तंबू त्यांच्या मेहुण्याचे. मी तक्रार घेऊन गेलो तर म्हणाले, "मास्तर, तुमी म्हनता म्हनून व्हत न्हाई. शास्त्रीय अहवाल पायजे." तंबूंच्या भूमिपूजनाला पंचांग बघण्यापलीकडे या गृहस्थांचा शास्त्राशी कधी संबंध आला नव्हता.

माझी चुलती विहिरीला लागूनच राहते. आळीतल्या बाकीच्यांनी बाहेरून जार आणायला सुरुवात केली होती. ती मात्र याच पाण्यावर. गेल्या वर्षी काविळीनं महिनाभर अंथरुणाला खिळली होती. म्हणून पाणी तपासून मागणाऱ्या अर्जावर पहिला अंगठा तिचा. अर्ज बरेच महिने फिरला आणि अखेर तपासणीला एक बाई येणार असं पत्र आलं.

झालं! पाहुणी येणार म्हटल्यावर गाव कामाला लागलं. आदल्या दिवशी मोटार लावून विहीर उपसली, गाळ काढला, काठ धुतला. पाण्यात टाकायची पावडर सरपंचांनी स्वतः पाठवली, तीही अर्धं पोतं. इतर वेळी चमचाभर मागितली तर शिल्लक नसायची. आणि या सगळ्यावर देखरेख कोणाची, तर माझ्या चुलतीची. नवा दोरसुद्धा तिनंच आणवला.

"काकी, अगं घाणच तर दाखवायचीय त्यांना!" मी ओरडलो.

"परक्या घरची लेक येनार, तिला घान पानी दावायचं व्हय? गावात माझी काय इज्जत ऱ्हाईल?"

सरपंचांनी तिचं तोंडभरून कौतुक केलं. आयुष्यात पहिल्यांदाच.

दुसऱ्या दिवशी शास्त्रज्ञ बाई आल्या. तरुण, अबोल, कामाशी काम ठेवणाऱ्या. त्यांना बाटली उघडायची सवड मिळण्याआधी सत्कार झाला. मलाही शाल-नारळ मिळाला, 'गावचे वैज्ञानिक' म्हणून. मग त्यांनी नमुना भरला, काठाशी वाकून वास घेतला आणि विचारलं, "एवढ्यात पावडर टाकली होती का?"

"छे, छे! बारा म्हईनं आसंच आसतंय," सरपंच म्हणाले.

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. विज्ञानाचा मास्तर म्हणून मी खरं सांगेन, अशी त्यांची अपेक्षा असावी. मी हातातल्या नारळाची शेंडी न्याहाळत राहिलो. चारचौघांत चुलतीला खाली बघायला लागेल म्हणून गप्प बसलो, असं मी पुढे स्वतःला पुष्कळदा सांगितलं. खरं म्हणजे शाल अंगावर बरी वाटत होती. त्याची लाज मला आजही वाटते.

अहवाल आला. पाणी पिण्यायोग्य. ग्रामसभेत सरपंचांनी तो दोनदा वाचून दाखवला आणि हात जोडले. "इज्ञानाच्या म्होरं आमी कोन, सांगा!" लगेच तंबूंच्या दुसऱ्या रांगेचा ठराव आला आणि हात वर करून मंजूर झाला. चुलतीचा हातही वर होता. आपण घासलेली विहीर पास झाली, एवढंच तिला कळलं होतं.

आता दुसरी रांग उभी आहे. परवा मी चुलतीकडे गेलो तर ती चुलीशी बसली होती. डोळे पुन्हा पिवळट दिसत होते.

"मास्तर, कागदावर पानी चांगलं हाय. मंग मला वास का येतो रं? माझं नाकच बिघडलं आसंल."

ती उठली, तांब्या घासला, विहिरीचं पाणी भरलं आणि आल्या माणसाला देतात तसा माझ्यापुढे धरला.

"नको काकी," मी म्हटलं, "आत्ताच घरून पिऊन आलोय."