कुसुमताईंचं परतीचं तिकीट

नातवंडं सांभाळायला अमेरिकेत आलेल्या म्हाताऱ्यांचे किस्से मला विचारू नका. एक सांगायला घ्यावा तर त्याच्यामागून चार येतात. हसत हसत सांगायला लागतो आणि मग हसू कुठल्या कुठे जातं.

ऐंशी-पंच्याऐंशीच्या सुमाराची गोष्ट. न्यू जर्सीत बाहेर बर्फ, आणि आम्हा चौघा आजी-आजोबांपैकी कुणालाच ड्रायव्हिंग येत नव्हतं. कुणाची तरी सून ड्यूटीवर जाताना आम्हाला बाबागाड्यांसकट मॉलमध्ये ड्रॉप करायची. एकदा तिथल्या गार्डनं हटकलं, रोज इथे बसून काय करता? मी पीडब्ल्यूडीतला रिटायर्ड ओव्हरसियर. ताठ बसून म्हटलं, "ड्यूटी!"

*

पद्धत अशी, की सहा महिने मुलाचे आईवडील, सहा महिने सुनेचे. व्हिसाच तेवढा मिळायचा. मार्चमध्ये माझी बदली झाली. मी निघालो त्याच दिवशी विहीणबाई उतरल्या. एअरपोर्टवर त्यांच्या हातात कागद दिला: दूध किती, शी कधी, रडला तर कुठे फिरवायचं. नातू त्यांच्या कडेवर गेला आणि त्यानं माझ्याकडे वळूनसुद्धा बघितलं नाही. पस्तीस वर्षांच्या नोकरीत चार्ज देताना इतकं कधी लागलं नव्हतं.

*

सप्टेंबरात परत हजर झालो, तर आमच्यातल्या नागपूरच्या कुसुमताई मॉलमधल्या त्याच बाकावर. मुलानं त्यांचा व्हिसा वाढवून घेतला होता. त्यांना बदली देणार कोण? सुनेला आईवडील नव्हते. त्या इकडे आल्यावर दोन महिन्यांनी तिकडे त्यांच्या यजमानांना, नानांना, अर्धांगाचा झटका आला. पुतण्या करत होता सगळं. बाईंचं एकच म्हणणं होतं, एकदा माणसाला डोळ्यांनी बघू दे. तिकीट दोनदा काढलं, दोनदा कॅन्सल केलं. एकदा नातीला कांजिण्या, एकदा त्यांच्या जागी ठेवलेली बेबीसिटर सोडून गेली. आता सुनेची डॉक्टरकीची परीक्षा. एवढी होऊ दे आई, असं मुलगा म्हणायचा. वाईट नव्हता हो तो. वाईट असता तर त्यांना भांडता तरी आलं असतं.

*

दर रविवारी नागपूरला फोन. अर्धांगानंतर नानांना एकच शब्द धड बोलता यायचा, "कधी?" तीन मिनिटांत तो चारदा यायचा. कुसुमताई दर वेळी सांगायच्या, पुढच्या महिन्यात. आम्ही त्यांना चिडवायचो, या वयात नवऱ्याला काय हो वायदे करता! त्या हसायच्या. माणूस काय वाट्टेल ते बोलून जातो.

*

परीक्षेला जेमतेम दोन आठवडे असताना नाना गेले. पुतण्याचा फोन मुलानं घेतला आणि दुसऱ्या दिवशी आम्हा तिघांना गाठून हात जोडले. आईला कळलं तर ती कोसळेल, तिच्याबरोबर परीक्षाही जाईल. ती झाली की मीच सांगतो, मीच घेऊन जातो. रविवारचा फोन नागपूरची लाइन लागत नाही म्हणून टाळायचा, असं ठरलं. आम्ही हो म्हणालो. मला अजून त्याची लाज वाटते. कुसुमताई रोज बाकावर यायच्या, कपाळावर ठसठशीत कुंकू. आम्ही हवापाण्याबद्दल बोलायचो आणि त्यांच्या कपाळाकडे बघायचं टाळायचो.

परीक्षेच्या आदल्या दिवशी त्यांनी आम्हाला जेवायला बोलावलं. पुरणपोळ्या केल्या होत्या. सुनेसाठी असतील, असं आम्ही धरून चाललो. त्यांनी आग्रह करकरून वाढल्या आणि मी तीन खाल्ल्या.

दुसऱ्या दिवशी सून पेपर देऊन आली. मुलानं आईला सोफ्यावर बसवलं. धीर द्यायला म्हणून मलाही बोलावून घेतलं होतं. "आई, नाना..." एवढं म्हणून तो रडायलाच लागला. मग डोळे पुसून म्हणाला, उद्याचीच फ्लाइट बघतो.

कुसुमताईंनी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"तो फोन आला तेव्हा स्वयंपाकघरातला रिसीव्हर मी उचलला होता, बाळा," त्या म्हणाल्या. "आता कसली घाई? तेरावा काल झाला."