साहेबांचा हुकूम तंतोतंत पाळला तो दिवस

पाचोडकडच्या वीज उपकेंद्रात मी ऑपरेटर होतो. भिंतीवरच्या मीटरची सुई पन्नासवर असली की सगळं आलबेल. वापर वाढला, वीज कमी पडली की सुई खाली येई. फारच खाली आली की सगळा इलाखा एकदम बंद. सुई सगळ्या उपकेंद्रांत एकाच वेळी एकच आकडा दाखवते. म्हणून आम्ही तीन उपकेंद्रांच्या ऑपरेटरांनी आठवडी बाजारात चहा पिता पिता मीटरवर एकाखाली एक अशा आपापल्या खुणा ठरवून घेतल्या होत्या. सुई ज्याच्या खुणेवर येईल त्यानं आपली एक लाइन थोडा वेळ बंद करायची, म्हणजे वापर घटून सुई सावरायची. ना फोन, ना विचारणं. कित्येक उन्हाळे असे निभावले.

मग शहरात नवे साहेब आले. ते पाहणीला आलेले असतानाच माझी खूण आली आणि मी लाइन बंद केली.

"तुला कुणी अधिकार दिला रे? माझ्या फोनशिवाय हँडलला हात लावायचा नाही!"

सगळ्या स्टाफसमोर झापलं. सगळ्या उपकेंद्रांना तसा लेखी हुकूम काढला, वर माझ्या सर्व्हिस बुकात 'बेजबाबदार' असा शेरा मारला. माझी बढती बोंबलली. अंगाचा नुसता तिळपापड झाला. बेजबाबदार? मी? थांबा म्हटलं, दाखवतोच.

पुढच्या बाजारी त्या दोघांना सांगितलं, "हुकूम हाय ना? मग पाळायचा."

"व्हय, लई बेस," दोघंही म्हणाले.

मे महिन्यातल्या एका दुपारी सुई घसरली. तिघांनीही एकदमच साहेबांना फोन लावला. लागतोय कुणाचा! सगळीच उपकेंद्रं त्या एका नंबराला चिकटलेली. सुई पहिल्याची खूण ओलांडून गेली, दुसऱ्याची, मग माझी. मी वहीत लिहीत गेलो: फोन केला, एंगेज. शेवटी सगळं बसलं. पार शहरातल्या उस्मानपुऱ्यात साहेबांच्या घरातले पंखेसुद्धा थांबले. मला जो आनंद झाला, काय सांगू!

वरून चौकशी आली. मी हुकूम आणि वही पुढं ठेवली. चौथ्या दिवशी साहेब स्वतः आले.

"पूर्वीसारखं चालवा, तुमच्या खुणांवर."

"लिहून द्या साहेब. अन् माझा शेरा?"

त्यांनी लिहून दिलं. आठवड्याभरात शेरा खोडून, सही करून सर्व्हिस बुकही पाठवलं. मी त्यांना चहासुद्धा विचारला नाही.

लिहून दिलं त्या दिवशी जीपमध्ये बसताना ते थांबले. "खरं सांगा, सुई पडत होती तेव्हा हात शिवशिवले नाहीत तुमचे?"

"शिवशिवले की, साहेब. मांडीखाली दाबून बसलो होतो."