काहीही चालतं

आमच्या यांचे डोळे गेले नव्हते, पण छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवण्याइतके चांगलेही राहिले नव्हते. मालकाने घरी बसवलं. एकोणीसशे पन्नास साल उलटून गेलं होतं. कल्याणजवळ मोहन्याला कारखाना होता आणि एकटे राहणारे कामगार होते, म्हणून आम्ही तिथे दोन खोल्या घेऊन खानावळ काढली. मोठ्या दिरांचा गावाहून निरोप होता, "दिवाळीपर्यंत बघा, नाहीतर निमूट घरी या." घरी म्हणजे जावेच्या स्वयंपाकघरात. राबण्याचं मला काही नव्हतं, मोहन्यालाही तेच करत होते. पण तिथे आमटीत मीठ घालायचं तरी तिला विचारावं लागे. मला परत जायचं नव्हतं.

माणसं यायची, महिनाभर जेवायची आणि दुसऱ्या खानावळीत जायची. का जातात ते कोणी सांगत नसे. पाऊस सरता सरता कारखान्यात नवी भरती झाली. ही माणसं टिकली तरच आम्ही टिकणार होतो.

यांनी छापखान्यात असताना कुठल्याशा साबणवाल्यांसाठी प्रश्नांचा कागद जुळवला होता. गिऱ्हाइकाला आधी विचारायचं, मग माल काढायचा. "आपणही तसंच करू," म्हणाले, आणि दुपारभर बसून प्रश्न काढले. आपले मूळ गाव कोणते, कारखान्यात पाळी कोणती, आहारात कोणत्या पदार्थांची रुची आहे.

"रुची कसली? ते काय श्राद्धाला बोलावलेले भटजी आहेत?"

"अगं, लिहिलेलं बरं दिसतं."

कारखान्याच्या फाटकाबाहेर उभं राहून यांनी नव्या लोकांना विचारलं. गाव सांगितलं, पाळी सांगितली. रुचीला सगळ्यांचं एकच उत्तर, "काहीही चालतं." हे खूश. मलाही वाटलं, बरं झालं, कटकट नाही. मी कोकणातली. भात, आमटी, एक भाजी करत राहिले. थोड्याच दिवसांत पाटांची रांग विरळ झाली.

मग मी म्हटलं, तुमचा प्रश्न राहू दे, माझा विचारते. जे जेवत होते त्यांनाच विचारलं, तिखट किती लागतं? एकाने शेजारच्याकडे बघितलं आणि म्हणाला, "घाला कितीही, वहिनी." शेजारचा कशाला मागे राहतोय? "आमच्याकडे पोरंसुद्धा मिरची चावून खातात." मी घातलं. दुसऱ्या दिवशी तांब्यामागून तांबे संपले, सगळे नाक पुसत होते, पण एकही जण कबूल होईना. आठवडाअखेर तेही कमी झाले. माझा प्रश्न यांच्यापेक्षा महाग पडला.

साताऱ्याकडचा एक वयस्कर कामगार मात्र पहिल्यापासून होता. पाय दुखायचा, दुसरी खानावळ लांब पडायची, म्हणून टिकलेला. तो हसायला लागला.

"वहिनी, तुम्ही माझ्या घरी आलात आणि मी विचारलं काय करू, तर काय सांगाल?"

"काहीही चालतं म्हणेन."

"मग? परक्या बाईपाशी फर्माईश केली तर आईबापानं वळण लावलं नाही असं होतं. मला विचारा, घरून कोणी आलं तर काय बांधून आणतं."

"काय आणतं?"

"बाजरीची भाकरी आन् शेंगदाण्याची चटणी. भाकरी पार वाळलेली असते. तरी दुसऱ्याला देत नाही."

यांनी तो प्रश्न कागदावर घ्यायला पेन उघडलं. मी म्हटलं, मिटा ते. कागद बघितला की माणूस शहाण्यासारखा बोलतो. मी वाढता वाढता एकेकाला विचारायला लागले. एक जण मिरचीच्या खरड्याबद्दल इतका वेळ बोलला की त्याचा भात गार झाला. एक म्हणाला सुकट. एक खाली बघून म्हणाला, "आमचं येण्यासारखं कोणी उरलं नाही." त्याला मी पुढे काही विचारलं नाही. हाही प्रश्न सगळ्यांना विचारण्यासारखा नव्हता.

बाजरीच्या भाकरीला माझा हात बसलेला नव्हता. पहिल्या भाकऱ्या तव्यावर टाकतानाच तुटल्या. साताऱ्याचा दारात उभा राहून म्हणे, "पाणी कडकडीत घ्या वहिनी, आन् मळताना दया नको." दया माझ्याकडे तेव्हा कुठून असायची? पीठ, पाणी, विस्तव, पुन्हा पीठ. पण गेलेले परत यायला लागले, येताना सोबत्यांना घेऊन. दिवाळीच्या आधी दोन पंगती बसायला लागल्या.

यांनी दिरांना पत्र लिहिलं, येत नाही म्हणून. मला वाचून दाखवलं आणि म्हणाले, "अजून काही लिहू?"

"लिहा, भाकऱ्या थापायला एक बाई पाठवा."

त्यांनी ते लिहिलं नाही. बाई मीच बघितली, पुढच्या वर्षी. तोवर माझ्या मनगटांचं जे व्हायचं ते होऊन गेलं होतं.